भंगारातली इंजिने

आमच्या घरी प्रथमच येणारा पाहुणा ओसरीवर थबकतो. जिथे चारचौघांकडे झोपाळा असतो तिथे आमच्याकडे एक लांब लाकडी फळी आहे आणि फळीवर लहान लहान इंजिने ओळीने मांडलेली आहेत. खाली तेल टिपण्यासाठी स्टीलची मोठी परात असते आणि हवेत रॉकेलचा मंद वास. पाहुणा आलेला असतो मराठीच्या मुख्याध्यापकाकडे. त्याला अपेक्षा असते पुस्तकांच्या कपाटाची. तेही आहे, पण आतल्या खोलीत. "हे सारे आपलेच का?" असे त्याने विचारले की आमच्या सौ. चहा पुढे ठेवता ठेवता सांगतात, "इंजिने त्यांची. परात माझी होती."

नाण्यांचा, तिकिटांचा, जुन्या दिव्यांचा संग्रह करणारा मनुष्य समाजाला मान्य असतो. पुण्याच्या काकासाहेब केळकरांनी अडकित्ते, कुलपे, दिवे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांचे मोठे संग्रहालय उभे राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. आमच्या सिल्वासातही आदिवासी संग्रहालय आहे. तेथे मुखवटे, वाद्ये, मासेमारीची साधने जपलेली आहेत. परंतु शेतावरच्या पंपाचे, पाठीवरच्या फवारणी यंत्राचे किंवा लग्नमंडपामागे धडधडणाऱ्या जनरेटरचे लहानसे पेट्रोल इंजिन संस्कृतीत कोणी मोजत नाही. ते वजनकाट्यावर मोजले जाते. आमच्या या छंदाचे मूळ त्या वजनकाट्यातच आहे.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक. नगर हवेलीतील पोर्तुगीज सत्ता २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होऊन संपली. त्या संग्रामात आपले सुधीर फडकेही होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख रीतसर भारतात सामील झाला आणि त्यानंतर मराठी शाळांसाठी जे शिक्षक येथे आले त्यांत वडील होते. आम्ही ज्या गावी वाढलो तेथे त्या काळी वीज नव्हती. रात्री कंदील, आणि दिवसा पाखरांखेरीज आवाज कोणता, तर नदीकाठच्या मळ्यातल्या पंपाचा. तो सकाळी सुरू होई आणि दुपारी टाकी भरण्यापुरता थांबे. तो थांबला की वर्गातली पोरे वह्या मिटू लागत, मधल्या सुट्टीची घंटा झालेली नसली तरी.

या इंजिनांची एक रीत होती, ती आजच्या तरुणांना सांगितली तर नवल वाटते. टाकीचे दोन कप्पे असत. लहान कप्प्यात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. कप्पीभोवती दोरी गुंडाळायची, एक झटका द्यायचा आणि इंजिन प्रथम पेट्रोलवर सुरू करायचे. रॉकेलची वाफ थंडीत नीट होत नाही, म्हणून इंजिन चांगले तापेपर्यंत थांबायचे आणि मग नळ फिरवून रॉकेल सोडायचे. बंद करण्यापूर्वी पुन्हा दोन मिनिटे पेट्रोलवर आणायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कारबोरेटरच्या वाटीत पेट्रोल शिल्लक राहते. हा शेवटचा भाग जो विसरे तो दुसऱ्या दिवशी सकाळभर दोरी ओढत बसे. हा सारा खटाटोप पेट्रोल महाग आणि रॉकेल स्वस्त म्हणून. त्याचे मोलही इंजिनाला द्यावे लागे: अर्धवट जळलेले रॉकेल पिस्टनच्या कडांनी खाली उतरे आणि तेलात मिसळून ते पातळ करी. जाणता शेतकरी तेल बोटांत चोळून पाही व वेळेआधीच बदली.

यंत्र विलायती, तरी त्याची भाषा आपल्या लोकांनी आपल्या जिभेवर घोळवून घेतली. मराठी विश्वकोशात 'अंतर्ज्वलन-एंजिन' अशी नोंद आहे. नोंद उत्तम आहे, पण वापीच्या कोणत्याही मिस्त्रीपुढे हा शब्द उच्चारला तर तो आपल्याला पाणी विचारील. त्याच्याकडे 'कारबेटर', 'कोईल', 'पाईंट', 'कंडिसर' आणि 'वायसर' आहेत. मराठीचे एम.ए. असूनही आम्ही हे शब्द आता बिनदिक्कत वापरतो. शुद्धलेखन वर्गात.

आमच्या फळीवरची दोन इंजिने 'व्हिलियर्स' घराण्याची आहेत. ही इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टनची कंपनी जॉन मार्स्टन यांनी १८९८ साली सायकलचे भाग करण्यासाठी काढली, आणि पुढे लहान इंजिनांत तिने एवढा व्याप वाढवला की १९५६ साली तिचे वीस लाखावे इंजिन तयार झाले व ते लंडनच्या सायन्स म्युझियमला देण्यात आले. भारतातही तिची संलग्न कंपनी होती. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून आपल्या किर्लोस्करांनी १९४६ साली खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, राजकोटला तर घरोघरी म्हणावीत अशी डिझेल इंजिने होऊ लागली. पण ती धुडे चौथऱ्यावर बसवायची. दोघांनी बांबूला टांगून एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर न्यावे ते हे पेट्रोल-रॉकेलचे इंजिन. ज्याची जमीन दोन एकर आणि विहीर सामाईक, त्याला तेच सोयीचे.

मालाडच्या अस्पी कंपनीची पाठीवरची फवारणी यंत्रे डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत कानठळ्या बसवीत फिरत. आणि ज्यांचे तारुण्य १९८० नंतरच्या वीजटंचाईत गेले त्यांना 'श्रीराम होंडा' आणि 'बिर्ला यामाहा' ही नावे उच्चारताच दुकानांच्या पायरीवर साखळीने बांधलेले जनरेटर आठवतील.

पुढे वीज सर्वत्र आली, विहिरींवर मोटारी बसल्या. सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांच्या मागोमाग भंगारवाले आले. कारखान्यांचे भंगार हा त्यांचा मुख्य धंदा. पण पाड्यापाड्यांवरून येणारे जुने इंजिनही ते घेतात. अॅल्युमिनियम वेगळे, बीड वेगळे, तांब्याची तार वेगळी. असे फोडलेले इंजिन आम्ही प्रथम पाहिले ते दहा-बारा वर्षांपूर्वी एका रविवारी, आणि त्याच दिवशी त्याच्या शेजारचे न फोडलेले घरी घेऊन आलो. यंत्रशास्त्राचे आमचे ज्ञान तोपर्यंत सायकलीचे पंक्चर काढण्याइतके होते.

शिकवले ते वापीच्या एका वृद्ध मिस्त्रींनी. त्यांचे दुकान म्हणजे गटारावर टाकलेली फरशी आणि वर ताडपत्री. स्कूटरीच्या दुरुस्तीवर पोट भरणारा हा माणूस आमचे इंजिन पाहून हात पुसून उठला होता. अडकलेल्या पिस्टनवर हातोडी चालवायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मे निम्मे ओतायचे आणि आठ दिवस त्याकडे पाहायचे नाही. आम्ही तिसऱ्याच दिवशी पाना लावला तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पोरगा नापास झाला म्हणून लगेच शाळेतून काढता काय?" नवव्या दिवशी पिस्टन हलला.

दुसरा धडा ठिणगीचा. या इंजिनांना बॅटरी नसते. फिरत्या चाकात लोहचुंबक बसवलेले असतात. ते वेटोळ्याजवळून जाताना त्यात वीज निर्माण होते आणि नेमक्या क्षणी दोन टोके, म्हणजे ते 'पाईंट', एकमेकांपासून विलग होतात. त्या विलग होण्यातून ठिणगी पडते. ही फट साधारण ०.४ मिलिमीटर हवी. मिस्त्री ती लग्नपत्रिकेचा जाड कागद आत सरकवून पाहात. त्यांच्या खिशात एक तेलकट पत्रिका कायम असे. जुना कंडेन्सर बहुधा मेलेलाच निघतो. त्याच्या जागी स्कूटरचा चालतो. ठिणगी निळी पडली की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे अलीकडे कठीण झाले आहे आणि त्याचे कारण पेट्रोल पंपावर आहे. २०२५ सालापर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल म्हणजे मद्यार्कच. तो हवेतले पाणी शोषून घेतो आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनात ते पाणी कारबोरेटरचा धातू खाते. शिवाय काही जुन्या कारबोरेटरांतला तरंगा बुचाच्या लाकडाचा असून त्याला चपडी लाखेचा लेप असतो. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार पॉलिश करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच टाकीत घडते. आमचा एक तरंगा असाच पेट्रोल पिऊन बुडाला. आमचे साडू कोल्हापूरकडचे ऊसवाले. तुमच्या उसाने आमचे इंजिन बुडवले, असे आम्ही त्यांना दर दिवाळीला ऐकवतो. उपाय एवढाच, की वाटीभर पेट्रोल घालावे, काम झाले की टाकी व कारबोरेटर दोन्ही कोरडी करावीत, आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगितली पाहिजे. फळीवर डावीकडे जो लाल जनरेटर आहे, तो आमची दुसरी मिळकत. तो एका भंगारवाल्याकडे पत्र्यांच्या ढिगाखाली सापडला. आत बिघाड फारसा नव्हता. तीन आठवड्यांत तो सुरू झाला. त्या यशाच्या धुंदीत आम्ही त्याला पॉलिशपेपरने घासून, प्राइमर देऊन, वर झकास लाल रंग चढवला. घासताना एका बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटची पुसट अक्षरे दिसली होती. कुणाचे तरी नाव असेल म्हणून तीही घासली.

पुढे वर्षभराने येथील गणेशोत्सवाची जुनी छायाचित्रे एका स्नेह्यांकडे पाहात होतो. १९८० नंतरच्या त्या वर्षांत दिवे ऐन आरतीच्या वेळी जात, म्हणून वर्गणी काढून मराठी मंडळींनी एक जनरेटर घेतला होता. एका छायाचित्रात तो मांडवाच्या खांबाशी ठेवलेला आहे. त्याच्या बाजूवर पांढऱ्या अक्षरांत उत्सवाचे नाव आणि साल. ती अक्षरे आम्ही तत्काळ ओळखली. शाळेचे फलक, मतदान केंद्रांच्या पाट्या, गणपतीची कमान, सारे वडीलच रंगवीत. त्यांचा 'ण' इतर कुणासारखा नव्हता. वडिलांना जाऊन तोवर बरीच वर्षे झाली होती. घरात त्यांच्या हस्ताक्षरातली पत्रे आहेत, पण ब्रशने काढलेले एकही अक्षर आता नाही.

तेव्हापासून आम्ही रंग देत नाही. गंज थांबवतो, तेलाचा हात देतो आणि जे जसे आहे ते तसे ठेवतो. काढलेला प्रत्येक भाग एका डब्यात, डब्यावर तारीख. आम्ही समजत होतो की आता चूक होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी खानवेलच्या बाजूला, साकरतोड नदीजवळच्या एका पाड्यावर, पंपासकट एक व्हिलियर्स असल्याचे आमच्या एका विद्यार्थ्याने सांगितले. सिल्वासापासून ते अंतर काही फार नाही. आम्ही रविवारी गेलो. घरातल्या तरुणाने गोठ्यातून इंजिन बाहेर काढले. विहिरीवर त्याची विजेची मोटार होती, इंजिनाला कोणी हात लावत नव्हते. भंगारवाला जो भाव देतो तोच आम्ही दिला: वजन भरले ४६ किलो, किलोला ३० रुपयांप्रमाणे १,३८० रुपये. व्यवहार चोख झाला असेच आम्हांला वाटले.

तीन आठवड्यांनी शाळा सुटण्याच्या वेळी एक सत्तरी उलटलेले वारली गृहस्थ आमच्या कचेरीच्या दाराशी उभे राहिले. ते त्या तरुणाचे वडील. इंजिन विकले तेव्हा ते बहिणीच्या गावी गेले होते. तक्रार त्यांनी काही केली नाही. म्हणाले, "गुरुजी, बघायला आलो." आम्ही त्यांना घरी आणले. इंजिन तोवर उलगडून फळीवर पसरलेले होते. ते बराच वेळ पाहात उभे राहिले. मग प्रत्येक भागाला बोट लावून, जणू घरातली माणसे मोजावीत, तसे त्यांनी ते मोजले.

त्यानंतर ते दर रविवारी बसने येऊ लागले. व्हॉल्व्हला कार्बोरंडमची पेस्ट लावून घासण्याचे कंटाळवाणे काम त्यांनी आमच्या हातून काढून घेतले. हे इंजिन त्यांनी तरुणपणी गवताच्या हंगामातल्या मजुरीतून, दुसऱ्या हाताने, विकत घेतले होते. त्याच्या पाण्यावर त्यांनी शेजारच्या तीन घरांची भाजी जगवली आणि त्याबद्दल कुणाकडून पैसा घेतला नाही, रॉकेल तेवढे ज्याचे त्याने आणायचे. दुरुस्तीला सिल्वासाला आणणे परवडत नसे, म्हणून ते स्वतःच शिकले. वाचता येत नसल्याने कागदावर काही नव्हते. सारे कानात होते.

इंजिन सुरू झाले ते पौषातल्या एका सकाळी. दुसऱ्याच ओढीला ते पेटले आणि आमच्या सौ.सुद्धा बाहेर आल्या. आम्हांला धन्य वाटत होते. बाबांनी मात्र मान तिरकी करून ऐकले आणि नकारार्थी हलवली. इंजिन एका लयीत चालत नव्हते. धावे, थबके, पुन्हा धावे. त्यांनी गव्हर्नरकडे वाकून पाहिले आणि विचारले, "माझी स्प्रिंग कुठं हाय?"

गव्हर्नर हा इंजिनाचा मुख्याध्यापक. वेग वाढला की आतली वजने बाहेर फेकली जातात आणि इंधनाची वाट आवळतात. स्प्रिंग ती वाट पुन्हा उघडते. या ओढाताणीतून वेग स्थिर राहतो. आम्हांला तेथे एक गंजलेली, जाडसर, भलतीच स्प्रिंग मिळाली होती. ती मूळची नव्हे हे उघड होते, म्हणून आम्ही बाजारातून एक नवी बसवली होती. ती फार नरम निघाली. वेग जरासा वाढताच गव्हर्नर वाट पुरती मिटवी, घटताच पुरती उघडी. जुनी स्प्रिंग बाबांची होती. मूळची तुटल्यावर त्यांनी चार-पाच प्रकार करून पाहिले होते आणि शेवटी उंदराच्या पिंजऱ्याच्या दाराची स्प्रिंग अचूक बसली होती. तिच्यावर ते इंजिन वीस-बावीस वर्षे चालले.

आम्ही डबा आणला. डब्यात सारे होते: जुने वायसर, फाटके पॅकिंग, तुटका नट. ती स्प्रिंग नव्हती. पॅकिंग, वायसर ठेवण्याजोगे वाटले आणि ती वाटली नाही. ती आम्हीच कचऱ्यात टाकली होती. तसे आम्ही त्यांना सांगितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "चला बाजारात."

बाजारातल्या तिसऱ्या दुकानात त्यांना हवा तसा पिंजरा मिळाला. दुकानदाराने उंदीर मोठे आहेत की लहान असे विचारले, तेव्हा बाबांनी उत्तर न देता दार चार वेळा उघडून मिटून पाहिले. घरी येऊन पिंजऱ्याची स्प्रिंग काढली, दीड वेटोळे कापले, टोक पक्कडीने वळवले. इंजिन पुन्हा सुरू केले आणि ते शांतपणे, एकाच सुरात, चालू लागले. पाणी भरलेल्या बादलीत पंपाचे तोंड बुडवून त्यांनी अंगणातल्या जास्वंदीवर पाणी सोडले. बोलले काही नाहीत.

जाताना त्यांनी कमरेची पिशवी सोडून पैसे काढले. १,३८० रुपये होते, मोजून आणलेले. म्हणजे ते त्या रविवारी मनाशी ठरवूनच आले होते. आम्ही प्रथम नको म्हणालो. मग लक्षात आले, की पैसे घेतले नाहीत तर ते इंजिन आमचे उपकार होऊन त्यांच्या विहिरीवर बसेल. आम्ही ते मोजून घेतले. सुट्या भागांचा खर्च त्यांनी विचारला नाही आणि आम्ही सांगितला नाही. इतक्या रविवारांच्या त्यांच्या मजुरीचा हिशेब मांडला असता तर बाकी आमच्याकडेच निघाली असती.

ज्या वाचकांच्या माळ्यावर वा गावच्या घरी असे एखादे यंत्र पडून असेल त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक तर ते बंद खोलीत कधीही सुरू करू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. तसेच जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, ते कोरडे खरवडू नये. ओले करून काढावे. आणि भंगारात देण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे. तारेने बांधलेला, भलत्याच यंत्राचा, विजोड दिसणारा जो भाग असेल त्याबद्दल तर अवश्य विचारावे.

गेल्या वैशाखात आम्ही त्या पाड्यावर गेलो होतो. वीज गेलेली होती, मोटार बंद होती आणि विहिरीवर इंजिन चालू होते. दोरी नातवाने ओढली होती. बाबा बांधावर बसून ऐकत होते.

आमच्या फळीवर आता चार इंजिने आहेत. दार नसलेला पिंजरा स्वयंपाकघरात तसाच ठेवलेला आहे, सौ. त्यात कांदे ठेवतात आणि उंदीर ते खाऊन सुखरूप परत जातात.